झाकणावरची दुसरी ओळ

बोर्ली पंचतनच्या बाजारात मी बावीस वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवलं. यंदा पाडव्याला ते विकलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. सुरुवातीला टायपिंगचा क्लास होता म्हणून अख्खी पंचक्रोशी मला 'सर' म्हणते. पुढे मी कुणाला काही शिकवलं नाही, तरी ते चिकटलं ते चिकटलंच. संपादकांनी दुकानातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, त्या आधी सांगतो. त्या संपल्यावर जे उरतं तेही सांगणार आहे, आणि ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.

आमचा हंगाम जून-जुलैचा. निकाल लागले की कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला माणसं येतात, आणि एकटंदुकटं कुणी येत नाही. आई-बाप असतात, मुंबईहून आलेला मामा असतो, आणि फोनवर 'त्यातलं कळणारा' एक चुलतभाऊ असतो. ज्याला तो लॅपटॉप वापरायचा, ते पोर दाराशी चपलांची राखण करत असल्यासारखं उभं. मी मुद्दाम त्यालाच विचारायचो, "काय करणार आहेस याच्यावर?" उत्तर मामा द्यायचा.

गेल्या काही वर्षांत मामालोकांच्या तोंडी एक नवी मागणी आली. हलका पाहिजे, पडदा मागे फिरणारा पाहिजे आणि त्याच्यावर पेनाने लिहिता आलं पाहिजे. ज्यांनी असा लॅपटॉप पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. याचा पडदा नेहमीसारखा उघडतो, पण तिथे थांबत नाही. तो मागे मागे जात पार पाठीला टेकतो, की झाली पाटी. मग ती हातात धरायची आणि पेनाने थेट काचेवर लिहायचं. श्रीवर्धनच्या एका बागायतदारांनी मुलासाठी असा एक नेला आणि आठव्या दिवशी सुपारीच्या टेम्पोतून परत आणला. "सर, बिजागरीच मोडकी दिली तुम्ही. हात लावला की पार पाठीवर पडतो." पडू नये म्हणून त्यांच्या गड्याने तो सुतळीने घट्ट बांधला होता. दुसरे एक मुख्याध्यापक ते पेन खिशाला लावून आले आणि म्हणाले, लिहीत नाही, रिफिल संपलेली दिसते.

हसायला ठीक आहे, पण या पेनात खरी ग्यानबाची मेख आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. एक पेन असतं रबरी टोकाचं. ते कुठल्याही टचवर चालतं, पण ते म्हणजे बोटाऐवजी काठीने लिहिणं. रेघ जाडी येते, आणि तळवा टेकला की तोही लिहायला लागतो. दुसऱ्या जातीच्या यंत्रात पडद्याच्या पाठीमागे, झाकणाच्या पत्र्याला अगदी लागून, एक पातळ जाळी असते. ती फक्त त्या पेनालाच ओळखते. तळवा खुशाल टेकवा, अक्षर वहीतल्यासारखं येतं. बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात. किती जणांनी पहिल्या जातीचं घेऊन दुसऱ्या जातीचे पैसे मोजले याला गणती नाही. माझ्याकडून तसं कुणी नेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. उलट ज्याला नुसत्या नोट्स काढायच्या आहेत त्याला मी सांगायचो, बाबा, दोनशे पानी वह्या घे, उरलेल्या पैशात मेसचं बिल भर. बायको म्हणायची, दुकान चालवताय की धर्मशाळा?

तर मी असा चोख माणूस. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं मी सोडून दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

निकिताला वही उपयोगाची नव्हती. बोर्लीपासून आत डोंगराच्या बाजूला तिचं गाव, घरची भातशेती. जन्मापासून तिची नजर इतकी कमी की चष्म्याने भरून येत नाही. हातभर अंतरावरचा माणूस तिला आवाजावरून कळतो. दरवर्षी शाळा सुरू झाली की तिचा बाप काशिनाथ नवी पुस्तकं पिशवीत घालून माझ्याकडे यायचा आणि मी एकेक पान दुप्पट आकारात झेरॉक्स करून द्यायचो. काशिनाथची शाळा दुसरीतच सुटलेली. कुठलं पुस्तक कशाचं हे त्याला सांगता येत नसे, पण एक पान जरी सुटलं तरी गठ्ठ्याच्या जाडीवरून त्याला संशय यायचा आणि तो परत मोजायला बसायचा. त्या थोरल्या कागदांना नाक लावून पोरगी बारावी सायन्सला गणितात तालुक्यात नाव काढून गेली. पनवेलच्या कॉलेजात गणितालाच प्रवेश मिळाला, वसतिगृहही मिळालं.

"सर, आता तिथं झेरॉक्स कोन काढून देनार?" काशिनाथ म्हणाला. "तिला दिसत न्हाय, पन डोकं हाय. काय तरी मशीन असंल ना?"

होतं. मी त्या दोघांना दुकानात बसवलं आणि त्या पेनवाल्या यंत्रावर काळा पडदा आणि पिवळी अक्षरं लावून दिली. निकिताने ते उचलून तोंडाशी नेलं, नाक काचेला लागेल इतकं जवळ. एक समीकरण लिहिलं. मग मी तिला दाखवलं की दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली की लिहिलेलं मोठं होतं. तिने ते ताणत ताणत पडद्याएवढं केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"सर, माझं अक्षर असं हाय?"

अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःचं अक्षर पहिल्यांदा नीट पाहिलं, ते माझ्या दुकानात. त्या दिवशी माझा ऊर भरून आला होता, ते खोटं नव्हतं.

तिच्या बाबतीत त्या तिन्ही मागण्या चैनीच्या नव्हत्या. वर्गात तासन् तास ते यंत्र तिला तोंडासमोर धरावं लागणार, म्हणून हलकं. पाटी व्हायला पाहिजे, म्हणून मागे फिरणारं. आणि गणित टाइप करता येत नाही, म्हणून पेन, तेही खरं. मी दोन दिवस खपून किलोच्या आसपासचं एक यंत्र शोधलं. किंमत काशिनाथच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा पुढे आलं त्यांच्या गावाचं मुंबईतलं मंडळ.

आमच्याकडे प्रत्येक गावाचं असं एक मंडळ मुंबईत असतं. गावातली नोकरीला गेलेली माणसं वर्गणी काढतात, देवळाला पत्रे घालतात, विहिरीला पंप बसवतात आणि गणपतीला गावी आली की पास झालेल्या मुलांचा सत्कार करतात. मंडळाने निकितासाठी लॅपटॉप द्यायचं ठरवलं आणि सचिव माझ्या दुकानात आले. कारखान्यात सुपरवायझरकी करून दमलेला, पण मंडळासाठी सुट्टी खर्च करणारा सरळ माणूस. मी दाखवलेलं यंत्र त्यांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"सर, एवढ्या पैशात एवढंसंच? याच्या निम्म्या किमतीत मोठा येतो. स्टेजवर देताना वस्तू दिसायला पाहिजे ना."

"स्टेजवरून उतरल्यावर तिला ते वापरायचं आहे," मी म्हटलं.

तास-दीड तास आमची झकाझकी झाली. शेवटी मी त्यांचे डोळे बांधले. खरंच, रुमालाने बांधले, आणि म्हटलं, आता घ्या नोट्स. सचिव हसले आणि तयार झाले. मीही माझा नफा सोडला, आलं त्या भावात दिलं. ती गोष्ट मी बाजारात चार जणांना सांगितली आणि उरलेल्यांना ती आपोआप कळेल याची काळजी घेतली.

आता नाव घालण्याविषयी सांगायला हवं. भांड्यावर नाव घातल्याशिवाय आपल्याकडे आहेर पुरा होत नाही. कळशी असो, डबा असो, 'अमुककडून तमुकला सप्रेम भेट' ही ओळ मशीनने टकटक करत कोरलेली पाहिजे. मंडळाच्या टोपांवर, खुर्च्यांवर, पंख्यांवर, सतरंज्यांच्या कोपऱ्यांवरसुद्धा नाव असतं. नाव नसलेली वस्तू मंडळाने दिली असं गावकीत धरतच नाहीत. त्यामुळे सचिवांनी जाता जाता सांगितलं, "तेवढं हसनचाचांकडून नाव घालून घ्या, सर. मग रिबीन बांधून ठेवा. आम्ही गणपतीला आलो की नेतो." मला त्यात वावगं वाटलं नाही. मीही इथलाच.

हसनचाचा आमच्या बाजारातले भांडीवाले. नाव घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माशाच्या तव्यावरसुद्धा मोत्यासारखं अक्षर काढतात. मी स्वतः यंत्र घेऊन गेलो. त्यांनी झाकणाच्या अगदी वरच्या कडेला मंडळाचं नाव घातलं, एका ओळीत, बारीक. कडेला आतून पत्र्याला आधार असतो. काही झालं नाही. काम संपलं होतं. मी ते उचलून यायला हवं होतं.

"बाकी अख्खा पत्रा मोकळा हाय," चाचा म्हणाले.

त्यांनी ते सहज म्हटलं. माझ्या मनात मात्र आलं, नफा मी सोडला, यंत्र मी शोधलं, सचिवांशी भांडलो मी, आणि पनवेलच्या कॉलेजात पोरं वाचणार ती मंडळाचं नाव. म्हटलं, "चाचा, मध्ये आपल्या दुकानाचं नाव येऊ दे. जरा ठळक."

चाचांनी दोन अक्षरं काढली आणि मशीन थांबवलं. बोटाने पत्रा दाबून पाहिला. "सर, मधी पत्रा आत जातोय. टोपाला मी आतून लाकूड धरतो. ह्याच्या आत काय हाय ते मला दिसत न्हाय. राहू दे ना."

आत काय आहे ते मला माहीत होतं. बोर्लीच्या बाजारात ते माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो. पण दोन अक्षरं निघाली होती, आणि अर्धवट नाव घेऊन जायचं म्हणजे शोभा. मी म्हटलं, "काही होत नाही, चाचा. मी धरतो." आणि दोन्ही हातांनी ते यंत्र घट्ट धरून बसलो. मशीनची थरथर माझ्या मनगटात येत होती.

दुकानात आल्यावर मी ते चालू करून पाहिलं. पडदा स्वच्छ होता. बोटाने सरकवलं, सरकलं. खोक्यात घातलं, रिबीन बांधली. पेन काढून आडव्यातिडव्या चार रेघा मारायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी का दिलं नाही, याचं आजवर मी स्वतःला एकही धड कारण देऊ शकलेलो नाही.

सत्कार झाला. टाळ्या झाल्या. निकिताने यंत्र पोटाशी धरून फोटो काढला. सचिवांनी भाषणात माझं नाव घेतलं. ती पनवेलला गेली.

शिमग्याला काशिनाथ तिला घेऊन दुकानात आला. पहिल्या सहामाहीचा निकाल लागला होता. बारावीला गणितात तालुका गाजवलेली मुलगी गणिताच्याच दोन पेपरांत नापास. ती म्हणाली, "सर, मी लिवते ते सगळं ऱ्हात न्हाय. खोलीवर येऊन वाचलं का मधलंच गायब. वजाचं चिन्ह न्हाय, अपूर्णांकाचा खालचा आकडा न्हाय. मैत्रिणींनी बघितलं, त्या म्हनाल्या पडदा तर मस्त हाय. मला वाटलं माझ्याच डोळ्यांचं काय तरी हाय. जास्त झालंय."

दुसरी कुणी असती तर लिहिता लिहिताच तिला दिसलं असतं की पेन उठत नाही. हिला दिसत नव्हतं. आयुष्यभर जे जे दिसलं नाही त्याला तिचेच डोळे कारण होते, म्हणून हेही तिने डोळ्यांच्याच खात्यावर घातलं आणि सहा महिने तशाच नोट्स काढत राहिली. त्या नोट्सवर अभ्यास केला. त्या अभ्यासावर पेपर लिहिला.

मी पेन घेतलं आणि वरून खाली उभ्या रेघा मारत गेलो. प्रत्येक रेघ मध्यावर येऊन तुटत होती आणि दोन बोटं खाली पुन्हा सुरू होत होती. डावीकडून उजवीकडे एक कोरा पट्टा. चित्र ठीक होतं, बोट ठीक चालत होतं, फक्त पेन त्या पट्ट्यात मेलेलं होतं. मी झाकण उलटं केलं. पट्ट्याच्या बरोबर पाठीमागे माझ्या दुकानाचं नाव होतं, जरा ठळक.

काशिनाथने विचारलं, "काय झालंय, सर?"

मी म्हटलं, "कंपनीचा फॉल्ट दिसतोय."

पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. दहा दिवसांनी परत आलं, सोबत एक कागद. झाकणावर कोरकाम केल्यामुळे आतला भाग दबून तुटला आहे, वॉरंटीत बसत नाही. काशिनाथने कागद माझ्याकडूनच वाचून घेतला. मी वाचलं, "झाकणावर नाव घातल्यामुळे." एवढंच वाचून थांबलो. कुठलं नाव, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात एकच नाव होतं, मंडळाचं. सत्कारात सगळ्यांनी तेच मोठ्याने वाचलेलं; दुकानाचं नाव वस्तूवर असतंच, म्हणून मधली ओळ कुणी जमेला धरलीच नव्हती.

एकही शब्द खोटा न बोलता मी ते केलं. त्याचं कौशल्य दुकानदारीत येतं.

पुढचं माझ्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलं. शिमग्याची पालखी त्यांच्याकडे पाडव्यापर्यंत फिरते; मुंबईकर अजून गावात असतानाच काशिनाथने गावकीच्या बैठकीत विषय काढला. म्हणाला, मंडळानं नाव घालून मशीन मोडलं, आता मंडळानं दुरुस्त करून द्यावं. सचिव भडकले. आजवर शेकड्यांनी वस्तूंवर नाव घातलं, एक तरी मोडली का? पोरीला वापरता येत नाही म्हणून आमच्यावर घालताय? दिलं ते दिलं, वर आमच्याच तोंडाला काळं? काशिनाथही तोंडाने कमी नाही. तो उठला तो उठलाच. त्या दिवसापासून तो बैठकीला जात नाही, वर्गणी देत नाही. शिमग्याला पालखी प्रत्येक दारात थांबते, तशी त्याच्याही अंगणात येते, पण तो बाहेर येत नाही. बायको एकटी ओवाळते आणि पालखी पुढे जाते. सचिव नंतर एकदा दुकानात आले होते. म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून एवढं महागाचं घेतलं. चांगलं करायला गेलो त्याचं हे फळ." मी त्यांना पाणी दिलं.

दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राएवढा होता. मला तो झेपला नसता असं नाही. पण मी पुढे होऊन पैसे भरले असते तर कुणीतरी विचारलं असतं की का. म्हणून मी भरले नाहीत. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

निकिता पनवेलला परत गेली. त्या पट्ट्याला चुकवत लिहीत राहिली. पट्टा दिसत नाही तो चुकवायचा कसा, हे मी तिला विचारलेलं नाही. वर्ष संपलं तेव्हा ती पुन्हा नापास झाली आणि वसतिगृहाची खोली सुटली. गेली दोन वर्षं ती हरिहरेश्वरला एका राहण्या-जेवणाच्या ठिकाणी फोनवर बुकिंग घेते. सगळ्या खोल्यांचे दर, रिकाम्या तारखा, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असतात, असं तिचा मालक कौतुकाने सांगतो. ते कौतुक मला ऐकवत नाही.

यंदा दुकान विकलं. हातात जे आलं त्यातून पहिल्यांदा तेच यंत्र, नव्या जातीचं, पनवेलहून आणलं. मुद्दाम दुसऱ्याच्या दुकानातून. तिच्या सुट्टीचा दिवस बघून घरी गेलो. काशिनाथ ओटीवर होता, ती आत. मी आत जाऊन तिच्यासमोर खोकं ठेवलं आणि घसा खाकरला. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत आलो होतो.

"निकिता, त्या लॅपटॉपचं..."

"मला ठाऊक हाय, सर," ती म्हणाली.

मी खोक्यावरचा हात काढून घेतला.

"तुमी शिमग्याला तपासत हुतात ना, तवा तुमचा हात एकदम थांबला. मला दिसत न्हाय, पन ऐकू येतं. पेनाचा आवाज बंद, तुमचा श्वास बंद. मग घरी आले नि झाकणावर बोट फिरवलं. पुढून पट्टा मोजला, मागून मोजला. वरची ओळ मंडळाची, ती लांब ऱ्हाते. मधली ओळ तुमच्या दुकानाची. अक्षर चांगलं खोल हाय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी म्हटलं, सर बोलतील."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने ते एखादी रिकामी तारीख सांगावी तसं सांगितलं. मग विचारलं, नवं यंत्र कितीचं, हलकं आहे का. खोक्यावर हात फिरवला, पण उघडलं नाही.

"ठेवून जावा. बाहेरून परीक्षा द्यायचं माझ्या मनात हाय, उपयोगाला येईल. पन बाबांना तुमीच सांगा, सर. मी सांगनार न्हाय. बाबा मंडळाशी भांडून बसलेत ते तुमच्या एका वाक्यापायी. पालखी आली का आत अंधारात बसून ऱ्हातात. मला त्यांचा श्वास ऐकू येतो."

मी "हो" म्हटलं. मनापासून म्हटलं.

ओटीवर आलो. काशिनाथ सुपारी सोलायची सोडून उठला. आतलं बोलणं त्याने ऐकलं नव्हतं, पण खोकं आत जाताना पाहिलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"सर, मंडळ मंडळ म्हनतात, त्यांनी काय केलं? पोरीच्या मागं हुबं ऱ्हायलात ते तुमी एकलेच," तो म्हणाला, आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायाशी वाकला. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. मी पाय मागे घेतला. म्हटलं, अहो, हे काय. त्याने आतून पाच किलो घरचे तांदूळ पिशवीत भरून आणले आणि माझ्या हातात दिले.

दाराच्या आत निकिता उभी होती. ती ऐकत होती.

मी पिशवी घेतली. म्हटलं, "येतो." आणि रस्त्याला लागलो.

त्या गोष्टीला आता सहा महिने झाले. तोंडाने जमलं नाही म्हणून हे लिहितोय. अंक निघाला की एक प्रत सचिवांना मुंबईला पाठवीन आणि एक काशिनाथच्या घरी. काशिनाथला वाचता येत नाही. निकिता या पानांचा फोटो काढील, अक्षरं मोठी करील आणि बापाशेजारी बसून त्याला वाचून दाखवील. जे मी सांगायचं कबूल केलं होतं, तेही शेवटी तिलाच सांगावं लागणार आहे.